मूक (MOOC) म्हणजे कुणालाही नाव नोंदवता येणारे ऑनलाइन कोर्स. ते ९७ टक्के लोक अर्धवट सोडतात, हे खरं का?

आकडा खरा, पण अर्थ फसवा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसचा २०१२ ते २०१८ चा डेटा तपासणारा लेख २०१९ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. त्यात २०१७-१८ ला कोर्स पुरा करणारे ३.१३ टक्केच निघाले. पण नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के कोर्समध्ये फिरकलेच नव्हते! फुकटची नोंदणी, एका क्लिकचं काम. प्रमाणपत्रासाठी पैसे मोजलेल्यांत कोर्स पुरा करणारे ४६ टक्के. खिशातून गेले की माणूस रात्री जागून का होईना, असाइनमेंट टाकतोच.

मला खटकलं ते वेगळंच. नोंदणीतली वाढ जवळजवळ सगळी श्रीमंत देशांतली. म्हणजे नाव 'मूक', गाजावाजा जगभर, आणि गरिबाच्या दारात हार्वर्ड काही पोचलं नाही.