रानात सोडले तर अभ्यास मागे पडेल का?

“मॅडम, रानात तो नुसता माती खेळतो. ह्याच्यात शिकणं कुठंय? आणि पडला-झडला तर?” लातूरमधील पालकांकडून हे दोन प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात, आणि ज्या शहराचे नाव दहावी-बारावीच्या परीक्षांच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे घरोघरी पोहोचले तिथे ते विचारले जाणे स्वाभाविकच आहे. त्यांच्या उत्तरादाखल एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते.

मुलगा आठ वर्षांचा होता. उत्तर लिहिण्याआधी तो दर वेळी “बरोबर आहे का?” असे विचारतो आणि खाडाखोड झाली की रडू लागतो, अशी आईची तक्रार होती. दिनक्रम विचारला तेव्हा लक्षात आले की शाळा, शिकवणी आणि कराटे यांत मिळून, काय करायचे हे त्याने स्वतः ठरवावे असा एकही तास त्याच्या दिवसात उरला नव्हता. वडिलांचे गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या उतारावर. घरामागे पळस, बोरी आणि सीताफळीचे रान, शिवाय पावसाळ्यात वाहणारी ओघळ. सुटीच्या दिवशी त्याला तिथे न्यावे, सोबत एक मोठे माणूस असावे, मात्र त्या माणसाने काही शिकवू नये आणि परतताना “आज काय शिकलास?” असेही विचारू नये, एवढेच मी सुचवले.

वडिलांचा विरोध सापांमुळे होता, आणि तो रास्त होता. मुलाला दिसणारी जोखीम आणि न दिसणारा धोका यांत मी फरक करते. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसते, म्हणून तिचा अंदाज त्याला घेऊ द्यावा. फक्त जिथे तो स्वतःच्या हातापायांनी चढू शकत नाही तिथे त्याला उचलून बसवू नये. बिनकठड्याची विहीर, वरच्या अंगाला पाऊस पडल्याने अचानक फुगणारा ओढा, कडाडणारी वीज, दगडाखालचे फुरसे किंवा घोणस यांचा अंदाज त्याला येत नाही, म्हणून ती राखण मोठ्यांनी करावी. जागा आधी पाहून घ्यावी, पायांत बूट असावेत, दगडांच्या कपारीत आणि झुडपात हात घालायचा नाही हे ठरलेले असावे, आणि सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते हे माहीत असावे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे वा आवळून बांधणे टाळून, अंग न हलवता मुलाला थेट तिथे न्यावे.

त्या मुलाने ओघळीवर बांध घालायला घेतला. पाण्याने तो फोडला तेव्हा त्याने आईकडे पाहिले आणि “आता काय करू?” असे विचारले. आजोबा सांगायला उठत होते, आईने त्यांना खुणेने थांबवले आणि मुलालाच “तुला काय वाटतं?” असे विचारले. तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने गोल दगड काढून चपटे लावले, फटींत गवत आणि काळी माती ठासली, पाणी बाजूने निसटू लागल्यावर बांध काठापर्यंत वाढवला. तोही फुटला, पण या वेळी त्याने कुणाकडे न पाहता दगड गोळा करायला सुरुवात केली. आईच्या मते त्या दिवशी सर्वांत कठीण काम तिचे होते, आणि मला ते पूर्णपणे पटते.

शिकणे यातच होते: प्रवाह, वजन, अंदाज, आणि चूक झाली तरी काम पुढे नेता येते हा अनुभव. आपल्याकडे हा विचार नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे वयासाठी खेळातून शिकण्यावर भर आहे.

पावसाळा संपेतो त्या मुलाचे गुण फारसे बदलले नव्हते. मात्र चुकलेल्या शब्दावर रेघ मारून तो पुढे लिहू लागला होता. शुद्धलेखनाच्या तासाला त्याला अजूनही रडू येते, आणि त्यावर आमचे काम चालू आहे.

मूल वारंवार तोल जाऊन पडत असेल, बोलणे कमी होत असेल, किंवा अक्षरे सतत उलटसुलट लिहीत असेल, तर केवळ रानावर विसंबून न राहता आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.