जुना सिम्युलेटर आणि जास्तीचे कोअर
प्रोसेसरला आठ कोअर (स्वतंत्र गणना करणारे भाग) असूनही जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवण्याच्या खेळात, विमान अडखळतंय म्हणून लगेच त्याला दोष देऊ नका. मायक्रोसॉफ्टचा २००३ चा फ्लाइट सिम्युलेटर जवळपास सगळं काम एकाच कोअरवर करतो; तेव्हा घरच्या संगणकात दुसरा कोअर नसायचाच. त्याच्या २००६ च्या पुढच्या आवृत्तीला, एफएसएक्सला, पहिला सर्व्हिस पॅक (सुधारणांचा अपडेट) टाकला, की जमिनीची टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) लोड करण्याचं काम इतर कोअरवर वाटलं जातं. धूसर जमीन लवकर स्पष्ट होते, पण फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) ज्यावर अवलंबून असतो तो मुख्य थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या कामाचा मुख्य धागा, एकाच कोअरवर राहतो. म्हणून मशीन घेताना कोअर मोजत बसू नका, एका कोअरचा वेग बघा. आणि ॲफिनिटी मास्कला (प्रोग्रामने कोणते कोअर वापरायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगला) हात लावण्याआधी ऑटोजेन (आपोआप उभी राहणारी घरं-झाडं) नि हवाई रहदारी कमी करून पाहाच. मला खरा फरक तिथेच दिसला.