पनीरचं पाणी आधी वेगळं काढा

प्रश्न : काका, आम्ही दोघे भाऊ बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात घरामागच्या शेडमध्ये पनीर आणि खवा करतो. रोज १००० लिटर दूध लागतं. पनीरचं पाणी, भांडी-फरशी धुतलेलं पाणी, सगळं मागच्या शोषखड्ड्यात जातं. पावसाळ्यात खड्डा भरून वास सुटतो. शेजारच्या काकूंच्या विहिरीचं पाणी पिवळट झालंय. एकजण म्हणतो, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बसवा आणि जिवाणूंची पावडर टाका, सगळं साफ होईल. घ्यावं का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. पावडर टाकायची कशात, हे आधी बघू.

१००० लिटर दुधाचं पनीर काढलं की साधारण ८०० लिटर निवळी उरते. दिसायला ते हिरवट पाणी, पण दुधातली जवळजवळ सगळी साखर त्यातच राहते. तिचा बीओडी, म्हणजे ती कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे निदान ३० ग्रॅम. ८०० लिटरांचे झाले २४ किलो. एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याचा बीओडी ४५ ग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे तुमच्या एका शेडमधून पाचशेहून जास्त माणसांच्या वस्तीएवढा भार त्या एका खड्ड्यात जातोय. त्यातून तुमच्या भागात जांभा. जांभ्यात मुरलेलं पाणी गाळून निघत नाही, भेगांतून सरळ विहिरीला लागतं.

मी डेअरीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, बरीच वर्षं काढली. एकदा रात्रपाळीत कुणीतरी निवळीची अख्खी टाकी गटारात सोडली. सकाळी एअरेशन टाकीवर, म्हणजे जिवाणूंना हवा देतात त्या टाकीवर, हातभर पांढरा फेस. ब्लोअर चालूच होते, तरी पाण्यातला प्राणवायू शून्यावर. पुढं जिवाणूंचा गाळ तळाला बसेना, पिंजलेल्या कापसासारखा तरंगत बाहेर जायला लागला. साखर एकदम मिळाली की सुतासारखे जिवाणू माजतात, त्यांचा हा प्रताप. घडी परत बसायला तीन आठवडे गेले. तिथं मोठ्या टाक्या होत्या, माणसं होती, प्रयोगशाळा होती. तुमचा एक ब्लोअर तिथं काय करणार?

म्हणून निवळी गटाराला लागूच देऊ नका. पनीर दाबता तिथंच खाली पिंप लावा. ताजी निवळी म्हशी आवडीनं पितात. एकदम पाजू नका, आंबोणात थोडी थोडी वाढवत न्या. आंबलेली मात्र देऊ नका. गावात आठ-दहा गोठे असतील तर रोज सकाळी कॅन पोचवा, फुकट दिली तरी तुमचाच फायदा.

उरेल ती गोबरगॅसला. १ किलो सीओडी (घाण रसायनानं पूर्ण जाळायला लागणारा प्राणवायू, बीओडीसारखंच घाणीचं माप) कुजला की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, खव्याच्या भट्टीला तेवढाच हातभार. पण निवळी आंबट असते. एकदम ओतली तर आतला सामू (पीएच) घसरतो आणि गॅस बंद पडतो. पहिल्या आठवड्यात शेणकाल्यात बादलीभरच घाला, मग वाढवा. ज्योत मंद झाली की थांबा.

आता राहिलं धुवणाचं पाणी. खव्याची कढई धुण्याआधी उलथन्यानं खरवडून घ्या. ती खरवड पाण्यात गेली की तीच पुन्हा बीओडी. मग जाळी, मग तूप-चरबी वर धरून ठेवणारा ग्रीस ट्रॅप. तो दर दोन-तीन दिवसांनी हातानं काढावा लागतो, हे काम कुणावर ढकलू नका. त्यानंतर दिवसभराचं पाणी साठेल एवढी टाकी हवीच, कारण कॉस्टिकनं धुता तेव्हा पाणी अल्कधर्मी, इतर वेळी आंबट. दोन्ही एकत्र मिसळली की बरंचसं आपोआप जमतं, उरलेलं चुन्यानं सामू ७ च्या आसपास आणा. ब्लोअर त्याच्या पुढं. आणि पावडरीऐवजी चालू ईटीपीतला जिवंत गाळ कॅनभर मागून आणा.

गाळ ठीक आहे का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. एअरेशन टाकीतलं १ लिटर पाणी काचेच्या मापात घेऊन ३० मिनिटं न हलवता ठेवा. गाळ तपकिरी, खाली बसलेला आणि वरचं पाणी नितळ, तर उत्तम. काळा पडून घाण वास आला तर हवा कमी पडतेय.

प्रक्रिया केलेलं पाणी शेतात द्यायचं तर बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा, ओढ्या-नदीत सोडायचं तर ३०. तुमचा ओढा मलप्रभेला मिळत असेल, तर तेच पाणी पुढं सौंदत्तीच्या धरणात जातं आणि हुबळी-धारवाडची माणसं ते पितात. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ती बांधकामाआधीच विचारून घ्या.

हे सगळं उभं राहायला महिने जातील. काकूंची विहीर तेवढी थांबणार नाही. त्या पाण्याचा नायट्रेट आणि जंतूंचा तपास या आठवड्यातच करून घ्या, खर्च तुम्ही द्या. नायट्रेट उकळून जात नाही, म्हणून अहवाल येईपर्यंत त्यांना प्यायचं पाणी दुसरीकडून तुम्हीच नेऊन द्या, आणि खड्ड्यात निवळी सोडणं आजच बंद करा.