जपून वेगळं ठेवलं, तेच राहिलं

"एवढी मोलाची वस्तू मी विसरलेच कशी? माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कुणाची कागदपत्रं राहिलेली असतात, कुणाचा दागिना. या ताईंचा राहिला होता एक जुना, तडा गेलेला मोबाईल. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्या मोबाईलमध्ये त्यांच्या गेलेल्या आईचे आवाजी संदेश होते. दुसरीकडे कुठेच उतरवून ठेवलेले नव्हते. प्रवासाहून परतताना टॅक्सीत राहिला, आणि लक्षात आलं रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबवलेली. ना नंबर, ना पावती.

पहिल्या भेटीत त्या तासभर स्वतःला बोल लावत होत्या. घरच्यांचं "अगं, असं कसं विसरलीस?" हे वाक्य त्यांना "तुला आईची किंमतच नव्हती" असं ऐकू यायचं. हे भाषांतर आपण सगळेच करतो, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना टॅक्सीतून उतरतानाचा प्रसंग सावकाश सांगायला लावला. कुठला हात कुठे होता, इथपर्यंत. त्या एकदम म्हणाल्या, "मी मोजलं होतं हो! बॅग, पर्स, छत्री. तीन नग. तीन भरले आणि दार लावलं."

"आणि मोबाईल?"

"तो बॅगेत दाबला जाईल म्हणून कापडी पाऊचमध्ये घालून पुढच्या सीटच्या मागच्या खिशात ठेवला होता."

मग बराच वेळ गप्प.

मोजणी अगदी बरोबर होती. फक्त त्यात चौथा नग कधी आलाच नव्हता, कारण तो जपायचा म्हणून रोजच्या सवयीबाहेर ठेवला होता. उतरताना हात आपोआप चालतात, आणि त्या हातांना रोजच्या तीनच वस्तू ठाऊक. त्यात मुक्कामाला पोहोचलं की 'झालं काम' म्हणून मन सैल पडतं आणि शेवटची बारीक गोष्ट गळते. झेरॉक्सच्या काचेवर मूळ कागद राहतो तो असाच. पैसे हातात आले की एटीएममध्ये कार्ड विसरायला होतं, म्हणूनच अनेक यंत्रं आधी कार्ड परत देतात आणि मग नोटा. यंत्र बनवणाऱ्यांनी माणसाचा हा स्वभाव गृहीत धरला. आपण मात्र स्वतःला तेवढी सूट देत नाही.

स्मरणशक्तीची शंका मी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगते, पण ती वेगळ्या खुणांवर: पायाखालचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वर्षानुवर्षांचं काम अडणं. यांच्यात तसं काही नव्हतं.

खरा त्रास पुढे सुरू झाला होता. कुठूनही निघताना त्या पर्स पाच-सहा वेळा उघडून बघायच्या. तरी खात्री वाटेना, मग परत. याबद्दल 2003 साली नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरची गॅसशेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. आठवण फारशी चुकली नाही, पण तिच्यावरचा त्यांचा भरवसा कमी झाला आणि चित्र पुसट झालं. ताईंना हे सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मीच घासून घासून पुसतेय?" मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

मग ठरलं, की तपासायचं एकदाच, पण मन लावून: वस्तूला हात लावून, नाव मोठ्याने घेऊन. वाहन थांबलं की आधी चौथा नग, मग बाकीचे. 'नीट लक्ष ठेवीन' असल्या मोघम निश्चयावर माझा विश्वास नाही. 'अमुक झालं की तमुक करीन' हे टिकतं. आणि वेगळी ठेवलेली वस्तू अशा गोष्टीला बांधायची, जिच्यावाचून घरात शिरताच येत नाही. त्यांनी किल्लीची निवड केली. पहिले दोन आठवडे एकदाच बघून निघताना छातीत धडधडायचं. तिसऱ्यात कमी झालं.

दोष थोडा उतरला तेव्हा त्याच्याआडचं रडू बाहेर आलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्या रडल्या होत्या फक्त मोबाईलसाठी.

मी म्हटलं, आठवतील तेवढे संदेश लिहून आणा. त्यांनी अकरा आणले. बहुतेक 'पोचलीस की कळव' छापाचे. वाचता वाचता एका ठिकाणी थांबल्या. बोलता बोलता आई मध्येच कुणावर तरी ओरडते, "अरे, ते दार लाव आधी!" आणि मग म्हणते, "हां, काय सांगत होते मी?" हे लिहायचं राहिलं होतं. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं.