'वतन' शोधलं की सगळाच रुमाल पुढे येतो

प्रश्न : आमच्या घरी पाटीलकीच्या मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा आहे. मोडी शिकून मी त्यांची एक्सेलमध्ये यादी केली. प्रत्येक कागदापुढे विषय लिहिला : वतन (पिढीजात हक्क), जमीन, देवस्थान. पण 'वतन' शोधलं की जवळजवळ सगळेच कागद समोर येतात. यादी कशी सुधारू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचे विषय बरोबर आहेत. पाटलाच्या घरात वतनाखेरीज दुसरं फार काय निघणार? म्हणून विषयाशेजारी 'प्रकार' असा वेगळा रकाना करा. कागद कशाबद्दल आहे ते एक, आणि कागद आहे काय ते दुसरं. वतनाच्या एकाच तंट्यात करिना सापडतो, म्हणजे एका पक्षानं सांगितलेली आपल्या हक्काची हकीकत. गोतसभेचा, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेचा, महजर म्हणजे निवाड्याचा कागद असतो. हरलेल्यानं लिहून दिलेलं येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागदही असतो. तिन्हींचा विषय एकच, पण पुरावा म्हणून वजन फार वेगळं. गावात तेव्हा कोण कोण होतं हे ज्याला शोधायचंय, त्याला महजरच हवा.

प्रकार ठरवायला आधी अख्खा कागद वाचत बसू नका. सुरुवात आणि शेवट पाहा. महजरात 'हाजीर मजालस' म्हणून जमलेल्यांची नावं असतात, निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारं. इतकी वर्षं दप्तरात काढली, तरी त्या निशाण्यांवर माझी नजर अजून खिळते. सरकारी सनदेवर शिक्का आणि शेवटी 'मोर्तब सुद', म्हणजे मजकूर संपल्याची मोहोर. 'राजमान्य राजश्री' असा मायना आला की बहुधा पत्र. हिशेब तारीखवार असेल तर रोजकीर्द, खातेवार असेल तर खतावणी.

महजर, मह्झर, महझर यांतलं एकच रूप यादीभर वापरा, नाहीतर शोध पुन्हा फसेल. अस्सल की नक्कल, हे मात्र प्रकारात मिसळू नका. त्याला तिसरा रकाना द्या. १८५२च्या कायद्यानंतर इनामांची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करावे लागले, त्या वेळच्या नकलाही अशा रुमालांत निघतात. त्यांवरची तारीख बहुधा मूळ कागदाची असते, नकलेची नव्हे.

आणि प्रकारवार गठ्ठे मात्र करू नका, ही माझी कळकळीची विनंती. कागद सापडले त्याच क्रमानं राहू द्या, क्रमांक घाला. वर्गवारी यादीतच होऊ द्या. एखाद्याचा प्रकार ठरत नसेल तर रकाना कोरा ठेवा.