न बोललेले नियम आणि नोकरी

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, हिशेबात पक्का. पण ‘जमलं तर बघ’ म्हटलं की ते काम करायचं की नाही, हे त्याला उमगत नाही. दोन नोकऱ्या सुटल्या. कसलं काम शोधावं?

उत्तर : हुद्द्याचं नाव बाजूला ठेवा, रोजचं काम कसं चालतं ते विचारा. काम लेखी मिळतं का? ते ‘झालं’ हे कशावरून ठरतं? शंका विचारायला ठरलेला एक माणूस आहे का? हिशेब तपासणी, सॉफ्टवेअर चाचणी, साठ्याच्या नोंदी अशा कामांत चूक-बरोबर समोर दिसतं. मात्र जागा प्रत्यक्ष बघून या. नोंदींचं काम शांत असलं, तरी गोदामातल्या सततच्या आवाजाने माणूस दुपारपर्यंत थकून जातो.

खरी अडचण मुलाखतीत येते, कारण तिथे कामापेक्षा बोलणं जोखलं जातं. प्रश्न आधी लेखी मिळतील का, किंवा तासाभराचं काम करून दाखवलं तर चालेल का, असं जरूर विचारा. यात संकोच नको.

रुजू झाल्यावर तोंडी सांगितलेलं प्रत्येक काम त्याने लगेच लिहून उलट पाठवावं : ‘शुक्रवारी ४ वाजेपर्यंत तक्ता, बरोबर?’ वरिष्ठांशी आठवड्याला १५ मिनिटांची ठरलेली भेट मागून घ्यावी. चूक महिनाभर साचून एकदम अंगावर येते, तीच नोकरी घालवते.

बढती मात्र जपून स्वीकारावी. उत्तम तपासनिसाला माणसं सांभाळायला बसवलं, की तेच न बोललेले नियम पुन्हा समोर येतात.