दोन पानांच्या मधली नोकरी

कराडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे. लहानपणी वाचून दाखवलेली चित्रांची पुस्तकं ती अजून माळ्यावर टाकू देत नाही. म्हणते, ‘मला अशा पुस्तकांचे अॅनिमेशन सिनेमे करायचेत.’ जवळच्या शहरातल्या एका संस्थेनं तीन वर्षांचा थ्रीडी अॅनिमेशनचा डिप्लोमा सुचवलाय: फी ४ लाख ८० हजार, नोकरीची शंभर टक्के हमी, आणि महिनाअखेरीच्या आत पैसे भरले तर ४० हजार सूट. वडील म्हणतात इंजिनिअरिंगला घालू, चित्रं काय सुट्टीतही काढता येतात, आणि आता तर एआयच सगळं काढणार. आईनं विचारलंय, ‘असं करिअर खरंच असतं, की हे नुसतं लहानपण लांबवणं आहे?’ शेवटी, मुलीला २२ हजारांचा ड्रॉइंग टॅबलेट घेऊन द्यावा का, हेही विचारलंय. सोबत तिची सहा चित्रं आहेत.

ताई, नमस्कार.

आधी चित्रांबद्दल बोलते. पाचवं चित्र शाळेच्या व्हरांड्याचं आहे, पावसात अडकलेल्या पोरांचं. रेषा कच्ची आहे, एका मुलीचा हात खांद्यातून निखळल्यासारखा दिसतो. पण कोपऱ्यातल्या मुलाच्या एकाच पायात चप्पल आहे आणि तो मैदानाकडे बघतोय. मैदान चित्रात नाहीच. मी बराच वेळ त्या चित्रात दुसरी चप्पल शोधत बसले. बाकीची पाच चित्रं याहून सुबक आहेत, त्यातला मोर तर फ्रेम करून भिंतीला लावावा असा. असे मोर माझ्याकडे दर आठवड्याला येतात. चप्पल क्वचित येते.

नुसतं कौतुक म्हणून सांगत नाही हे. तुमच्या लेकीला जे काम करायचंय, त्याची सुरुवात या हरवलेल्या चपलेपाशी होते, आणि त्या डिप्लोमात नेमकं तेच शिकवत नाहीत.

लहान मुलांचं चित्रपुस्तक बहुतेक वेळा बत्तीस पानांचं असतं. छपाईत सोळा पानांचा फॉर्म पडतो, असे दोन फॉर्म. झोपताना वाचायला घेतलं तर दहा मिनिटांत संपतं. सिनेमा असतो दीड तासाचा. मधली ऐंशी मिनिटं पुस्तकात नसतातच, ती कुणीतरी बसून तयार करावी लागतात. ‘पुस्तकावरून सिनेमा केला’ हे म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात पुस्तक एक चिमूटभर विरजण देतं, दूध सगळं बाहेरून आणायचं असतं.

जुडी बॅरेट आणि रॉन बॅरेट यांचं ‘क्लाउडी विथ अ चान्स ऑफ मीटबॉल्स’ १९७८चं. आजोबा नातवंडांना एका गावाची गोष्ट सांगतात, तिथे आभाळातून जेवण पडतं. का पडतं, हे पुस्तक सांगत नाही आणि चार वर्षांचं पोर विचारतही नाही. पडतं म्हणजे पडतं. पण सिनेमात दहाव्या मिनिटाला प्रेक्षक ‘का?’ विचारतोच. म्हणून २००९च्या सिनेमात पाण्याचं अन्न करणारं यंत्र आलं, ते बनवणारा धडपड्या तरुण आला, आणि त्याच्याशी दोन शब्द धड बोलता न येणारा बाप आला. यातलं काहीच पुस्तकात नाही. विल्यम स्टाइगचा १९९०चा ‘श्रेक!’ बघा. आईबापच त्याला लाथ मारून घराबाहेर काढतात आणि शेवटी त्याला त्याच्याहून कुरूप राजकन्या मिळते. त्यावरचा २००१चा सिनेमा एवढा बदलला की पुस्तकाशी नातं उरलं ते आडनावापुरतं. अॅनिमेशन चित्रपटासाठी ऑस्करचा वेगळा विभाग सुरू झाला, तेव्हा त्यातलं पहिलं पारितोषिक याच सिनेमाला मिळालं.

बदल म्हणजे भर घालणंच असं मात्र नाही. बेल्जियमच्या गॅब्रिएल व्हिन्सेंट यांच्या ‘अर्नेस्ट अँड सेलेस्टीन’ पुस्तकांत अस्वल आणि उंदरीण सुखानं एका घरात राहतात. २०१२च्या फ्रेंच सिनेमानं उलटा प्रश्न विचारला: हे दोघं एकत्र आले तरी कसे? मग वर अस्वलांचं जग, जमिनीखाली उंदरांचं, आणि दोघांना एकमेकांची भीती, असा सगळा पसारा उभा राहिला. जलरंगांचा हलकेपणा मात्र त्यांनी जपला. पार्श्वभूमी कडेला विरघळत जाते, कागद कोरा राहतो. लेकीला हा सिनेमा एकदा आवाज बंद करून बघायला सांगा.

पण तिच्याबरोबर बसून एकच उदाहरण नीट बघायचं असेल तर मी रेमंड ब्रिग्जचं ‘द स्नोमॅन’ घेईन. १९७८चं पुस्तक, एकही शब्द नाही, रंगीत पेन्सिलींची चित्रं. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं आकाशातून समुद्राकाठपर्यंत उडून येतात, सकाळी बाहेर नुसता वितळलेला ढीग. संपलं. त्यावर १९८२ साली ब्रिटिश टीव्हीसाठी सव्वीस मिनिटांची फिल्म झाली. तिच्यात दोघं पार उत्तर ध्रुवावर जातात, तिथे सांताक्लॉज मुलाला एक मफलर देतो. पुस्तकात सांताही नाही, मफलरही नाही. सकाळी ढिगाजवळ गुडघे टेकून बसलेला मुलगा खिशात हात घालतो आणि मफलर बाहेर निघतो.

त्या मफलरनं सगळा शेवट फिरवला. पुस्तकात ते स्वप्न असेलही, नसेलही. फिल्ममध्ये ते घडलंय, आणि म्हणून ते गेल्याचं दुःख जास्त खरं आहे. मला विचाराल तर मला पुस्तकाचाच शेवट आवडतो. पण मफलर कुणाला तरी सुचला, त्यानं तो खिशात ठेवला आणि नेमक्या क्षणी बाहेर काढला. तुमच्या मुलीला हवी असलेली नोकरी ती हीच.

या कामाला स्टुडिओत ‘स्टोरी’ म्हणतात, करणाऱ्याला स्टोरी आर्टिस्ट किंवा स्टोरीबोर्ड आर्टिस्ट. दिग्दर्शक पटकथेतला एक तुकडा देतो. त्याची हा माणूस भराभर शे-दीडशे लहान चित्रं काढतो. कॅमेरा कुठे, कोण कुणाकडे बघतंय, दार आधी उघडतं की आवाज आधी येतो, हे सगळं त्यात ठरतं. मग सगळ्यांसमोर उभं राहून, आवाज काढून, ती चित्रं एकेक करून दाखवायची. याला पिच म्हणतात. जिथे हसू यायला हवं तिथे कुणी हसलं नाही की चित्रं बाजूला, पुन्हा पहिल्यापासून. जी टिकतात त्यांना कच्चे आवाज लावून, वेळ मोजून अॅनिमॅटिक होतं. एकही फ्रेम खऱ्या अर्थानं हलण्याआधी अख्खा सिनेमा असा पुन्हा पुन्हा बघितला जातो. चित्र सुंदर असण्याची इथे गरज नसते, ते कळावं लागतं. निखळलेला हात चालून जातो.

आता डिप्लोमा. त्याची छापील माहिती मी वाचली: मॉडेलिंग, टेक्श्चरिंग, रिगिंग, लायटिंग. म्हणजे संगणकात पात्रांचे आकार घडवणं, त्यांना रंग-पोत देणं, हलवण्यासाठी आत सांगाडा बसवणं, उजेड पाडणं. ही खरी कामं आहेत आणि त्यावर हजारो घरं चालतात. पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, बंगळुरूत बाहेरच्या देशांतून येणारं हेच काम होतं. पण ते काम इथवर येतं तेव्हा गोष्ट, पात्रं, चौकटी सगळं तिकडे ठरून झालेलं असतं. तुमच्या मुलीला मफलर शोधायचाय, आणि हा अभ्यासक्रम तिला मफलरची लोकर रंगवायला शिकवेल. लोकर रंगवणं तिला आवडलं तर उत्तम. तिनं मागितलंय मात्र दुसरंच. ‘शंभर टक्के हमी’चं म्हणाल, तर त्यांना दोनच गोष्टी मागा: गेल्या दोन वर्षांतल्या पाच विद्यार्थ्यांच्या शोरील (आपलं काम दाखवणारी छोटी फिल्म), आणि हमीचं वाक्य लेटरहेडवर. माझ्या अनुभवात लेटरहेडवर येईपर्यंत ‘हमी’चं ‘साहाय्य’ झालेलं असतं. चाळीस हजारांच्या सवलतीसाठी महिनाअखेर गाठू नका.

मग असं काम आहे कुठे? खरं सांगायचं तर चित्रपुस्तकांवरचे पूर्ण लांबीचे सिनेमे जगातच थोडे होतात आणि आपल्याकडे तर त्यांची परंपराच नाही. पुस्तक ते सिनेमा या एकाच स्वप्नावर तिनं पोटाची व्यवस्था बांधू नये. पण स्टोरीबोर्ड येणाऱ्याला कामं आहेत. हैदराबादेत तयार होणारा ‘छोटा भीम’ २००८पासून चालू आहे. अशा मालिकांना सतत बोर्ड लागतात. मुंबईत जाहिराती आणि साध्या, खऱ्या माणसांच्या सिनेमांनाही लागतात. आणि काम देश बदलतं. ज्युलिया डोनाल्डसन आणि अॅक्सेल शेफलर या जोडीची चित्रपुस्तकं लंडनची एक कंपनी २००९पासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फिल्मांत आणतेय, आणि त्यातल्या बऱ्याच फिल्मा घडल्या केपटाउनमधल्या ट्रिगरफिश या स्टुडिओत. (माझ्या मते चित्रपुस्तकाला अर्धा तासच शोभतो. दीड तासाला ताणलं की बहुतेकदा मधे पाठलाग घालतात.)

शिक्षणाचे दोन रस्ते डोळ्यांसमोर ठेवा. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अॅनिमेशन फिल्म डिझाइन हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यासाठी डॅट ही परीक्षा, आधी प्रिलिम्स मग मेन्स. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात डिझाइनची पदवी आहे, तिची परीक्षा यूसीड. दोन्हींना बारावीची कोणतीही शाखा चालते, म्हणजे सायन्स घेतलं म्हणून काही बिघडलेलं नाही. अर्ज दिवाळीच्या आगेमागे सुटतात आणि यूसीड व डॅटची प्रिलिम्स बोर्डाच्या आधी होतात. पालक बोर्ड संपेपर्यंत थांबतात आणि वर्ष जातं, एवढंच लक्षात असू द्या. जागा मोजक्या आहेत, पहिल्या फटक्यात नाही झालं तर आभाळ कोसळलं असं समजू नका.

तिच्या बाबांना माझा एक निरोप. इंजिनिअरिंग करून या कामाचा दरवाजा बंद होत नाही. पदवीनंतर सीड ही परीक्षा देऊन आयडीसीत अॅनिमेशनची एमडेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करता येते, आणि एमडेसला इंजिनिअर कायम येतात. फक्त ‘सुट्टीत चित्रं काढेल’ यावर माझा विश्वास नाही. सबमिशनच्या चार वर्षांत हात गंजतो, मी असे हात पाहिलेत. तो रस्ता घेणार असाल तर आठवड्यातले काही तास चित्रांचे, हे घरात आधी ठरवा आणि सेमिस्टर परीक्षेतही मोडू नका. एआयचं म्हणाल तर त्यांची काळजी खोटी नाही. रंग भरणं, पार्श्वभूमी, दोन चित्रांमधली चित्रं काढणं, या टोकाच्या नोकऱ्या आधी हलतील असं मला दिसतं, आणि डिप्लोमा शिकवतो ते बरचसं याच टोकाचं. चप्पल कुणाची आणि ती कुठे गेली हे ठरवणाऱ्याची गरज जास्त टिकेल, असा माझा अंदाज आहे. हमी नाही. हमी संस्थेकडे मिळते.

आता एक महिना काय करायचं ते. एक चित्रपुस्तक घ्यायचं आणि त्यातली कोणतीही दोन लागोपाठची पानं निवडायची. त्या दोन पानांच्या मधे काय घडलं, ते चाळीस छोट्या चित्रांत काढायचं, संवाद नाही. फोननं फोटो काढून, वेळ लावून, दीड मिनिटाचं अॅनिमॅटिक करायचं. तुम्ही शाळेत शिकवता असं लिहिलंय, तर ते तुमच्या दुसरीच्या वर्गाला दाखवा, काही न सांगता. पोरं कुठे चुळबुळ करतात ते लेकीनं मागे उभं राहून बघायचं. त्या रात्री तिला चित्रं पुन्हा काढावीशी वाटली, तर हे लहानपण लांबवणं नाही. वर्गावर चिडून ती मोराकडे वळली, तर चित्रकला तिची आहे, स्टोरी नाही, आणि तेही चांगलंच उत्तर आहे.

पुस्तक कोणतं, याची एक काळजी घ्या. घरच्या सरावाला माळ्यावरचं कुठलंही चालेल, पण ते इंटरनेटवर टाकायचं किंवा स्पर्धेला पाठवायचं तर परवानगी लागते. चित्रपुस्तकात अनेकदा शब्दांचा हक्क एकाचा आणि चित्रांचा दुसऱ्याचा असतो. त्यापेक्षा प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर जा. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, मराठीतही पुष्कळ आहेत, आणि लेखक-चित्रकारांचं नाव देऊन त्यांचं रूपांतर करता येतं.

राहिला टॅबलेट. आत्ता नको. शंभर कोरी पोस्टकार्डं, दोन फोरबी पेन्सिली आणि घराच्या भिंतीवर चिकटपट्टी लावायची परवानगी एवढं द्या. पोस्टकार्डावर खोडायला जीवावर येत नाही, आणि क्रम बदलायचा तर उचलून दुसरीकडे चिकटवता येतं. पुढे संगणकावर करावंसं वाटलं तर ब्लेंडर हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लाटव्हियाच्या ‘फ्लो’ला २०२५ साली अॅनिमेशन चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो त्यातच केलेला. महिन्याभरानं भिंतीचा फोटो पाठवा, बाबांनी काढलेला असला तर जास्त बरं.